रोहण्याजवळचं माहेर

काल रद्दी काढताना जिल्ह्याचा जुना नकाशा उलगडला. कापडावर डकवलेल्या कागदाचा कुबट वास आला आणि सासूबाई आठवल्या.

त्यांना एकदा माहेर बघायचं होतं. रोहण्याजवळचं ते गाव कधीच उजाड झालेलं. या नकाशात तेवढं देऊळ-विहिरीसकट उरलं होतं. आम्ही गेलो, तर तिथे नुसती कपाशीची पऱ्हाटी.

"हेच का गाव, आई?"

"नकाशा तुह्या हातात हाय, मले काऊन इचारून राह्यली?"

मी विहीर शोधत होते. वळून पाहिलं, तर सासरी जन्मभर न ढळलेला डोक्यावरचा पदर त्यांनी खांद्यावर सोडला होता. मला वाटलं, उकडत असेल.

यंदा सिंदी मेघेतलं माझं माहेर विकलं गेलं. त्या दिवशी पऱ्हाटीत उभ्या सासूबाई माहेरी पोचल्या होत्या, हे आता कळतंय, आणि सांगायला घरात कुणी नाही.