गटारपट्टी आणि झाकणावरची नावं

आमच्या आळीला उतार होता आणि उताराच्या शेवटी आमचं घर. नव्वदीच्या दशकात आळीत भुयारी गटार आलं, तेव्हा सगळ्या मोऱ्यांचं पाणी आमच्या दाराशेजारच्या टाकीत जमायला लागलं. तिथली मोटर ते उचलून गावाबाहेरच्या सांडपाण्याच्या तळ्यात ढकलायची. मोटरीचं वीजबिल आणि गाळ काढणाऱ्याची मजुरी दरमहा घरटी गटारपट्टीतून भागायची. म्हणजे भागायला हवी होती.

पट्टी गोळा करायला आळीनं मला नेमलं. मी जुन्नरला नोकरीला होतो आणि पँट घालायचो, एवढी पात्रता पुरली. चढावर सगळ्यात वर राहणारे बागायतदार भाऊ म्हणाले, "राव, आमचं पाणी झ्याक जातंय खाली. तुंबलं तर बघू."

त्यांचं तुंबणार कसं? तुंबलं की ते आमच्या मोरीतून वर यायचं. बायकोनं मला बजावलं, "पुन्हा लोकांचा साबण माझ्या मोरीत आला, तर मी पिंपरी पेंढारला चालले. माहेरची मोरी तरी कोरडी हाय. तुमी करा गटाराशी संसार."

मग मला कल्पना सुचली. मला कल्पना सुचली की आमच्या घरातली माणसं आजही हळूच उठून जातात. जत्रेची वर्गणी लोक आपणहून देतात, कारण स्पीकरवर नाव पुकारलं जातं आणि देवळाच्या पायरीवर कोरलंही जातं. मग गटारानं काय घोडं मारलंय? जत्रेतच मी स्पीकरवर जाहीर केलं, की पट्टी देणाऱ्याचं नाव चेंबरच्या झाकणावर. धडाधड पैसे आले. भाऊंनी सगळ्यात मोठं झाकण धरलं आणि त्यावर वडिलांचं नाव घातलं. लेण्याद्रीला निघालेले कुणाचे तरी पाहुणे ते वाचून चपला काढताना मी स्वतः पाहिलेत.

पुढच्या महिन्यात मी पुन्हा भाऊंच्या दारात.

"दिलंय की. झाकण बघा जाऊन. एकदा दिलेली वर्गणी परत कोण मागतं व्हय?"

पायरी एकदाच बसते, मोटर रोज चालते, असं मी समजावून सांगितलं. भाऊंनी मला चहा पाजला.

बिल थकलं, मोटरीची वीज तुटली आणि एका सकाळी आमच्या मोरीत अख्ख्या आळीची अंघोळ घोटाभर उभी राहिली. बायको आता बॅग काढणार म्हणून मी एसटीची वेळ आठवायला लागलो. तिनं बादली काढली. टॉवेल, साबण, मुलं आणि माझी आई एवढं बरोबर घेऊन ती चढ चढून थेट भाऊंच्या न्हाणीघरात.

"वहिनी, हे काय?"

"तुमचं पाणी आमच्याकडं मुक्कामाला आलंय, भाऊ. ते हलेस्तोवर आमी तुमच्याकडं."

आईला न्हायला तासभर लागतो. बंब त्यांचा, लाकडं त्यांची. दुसऱ्या दिवशीही सगळे गेले. मीही गेलो, सगळ्यांच्या मागून, टॉवेल काखेत लपवून. त्याच संध्याकाळी भाऊ स्वतः पट्टी गोळा करत घरोघर फिरले, थकलेलं बिल भरलं गेलं आणि मोटर चालू झाली.

त्यानंतर पट्टी दरमहा येत राहिली. माझ्याकडे नाही, बायकोकडे. एखादं घर मागं राहिलं, तर ती तगादा लावायची नाही. ओट्यावर उभी राहून आईला जरा मोठ्यानं विचारायची, "आत्या, उद्या कुणाकडं न्हायचं?"