दोन नकाशांचं घर

त्या दुपारी माझ्या फोनवर आधी यंत्राचा निरोप आला आणि मग माणसाचा. मी पुण्यात, कारखान्याच्या कँटीनमध्ये डबा उघडून बसलो होतो. नेहमीची ओळ उमटली, ‘मुन्नाची खोली : सफाई पूर्ण.’ बऱ्याच वेळाने दुसरी ओळ आली, ‘चार्जिंगची जागा सापडत नाही.’ मी ती वाचली आणि फोन खिशात टाकला. बालाघाटच्या आमच्या घरात केर काढत फिरणाऱ्या त्या परातीएवढ्या यंत्राला रोजच काही ना काही सापडत नसे. मग सुलोचनाकाकूंचा फोन आला. काकू आमच्या शेजारच्या. एरवी त्यांचा आवाज भिंतीतून ऐकू येतो, पण त्या दिवशी तो इतका खाली गेला होता की आधी मागे ओरडणारा कावळाच ऐकू आला. “मुन्ना... बाबा तुया खोलीत बसलेलेच राह्यले रे. पलंगावर. मी आवाज दिला, तर...” डॉक्टर नंतर म्हणाले, झोप लागावी तसे गेले, कोणालाच काही करता आलं नसतं. ते यंत्र म्हणे उंबरठ्याला तोंड लावून थांबलं होतं. त्याचाही चार्ज संपला होता.

आता काही आठवडे उलटलेत. बाबा आठवतात ते एखाद्या सैल, उन्हाने भरलेल्या दुपारसारखे. सुरुवात नाही, शेवट नाही, नुसता प्रकाश. बाबांची सगळी नोकरी जमीन मोजण्यात गेली. लामत्याची शेतं, मलाजखंडकडचं रान, वैनगंगेच्या काठची पुरात सरकत राहणारे बांध... खांद्यावर लोखंडी जरीब, म्हणजे मोजणीची साखळी, घेऊन ते चालत राहिले. लहानपणी मला वाटे, बाबा जिथे चालतात तिथेच जमीन तयार होत जाते. घरी आले की चटईवर नकाशाचे कागद पसरत, एका कागदाची कड दुसऱ्याच्या कडेला लावत आणि दोन्हीकडची नदी एक झाली की आईला बघायला हाक मारत, “पाय वो, जुळलं!” आई हातातलं काम टाकून यायची आणि दर वेळी तितक्याच नवलाने पाहायची.

आई गेल्यावर ते एकटे राहिले. गुडघा दुखू लागला, वाकून झाडू मारणं जमेना, आणि कामाला बाई ठेवायची म्हटलं की ते ऐकून न ऐकल्यासारखं करत. माझी नोकरी मोटारींच्या कारखान्यात, वेल्डिंग करणारे रोबोट सांभाळण्याची. तेव्हा मला सुचलं ते हेच. जमीन झाडणारा रोबोट घेतला आणि एका दिवाळीला बरोबर घेऊन गेलो. खरं सांगायचं तर मी तो मुलाच्या जागी नेला होता. हे तेव्हाही मला ठाऊक होतं. फक्त खोक्यावर रंगीत कागद गुंडाळला की असल्या गोष्टी दिसेनाशा होतात.

बाबांनी खोकं उघडून ते चकचकीत काळं यंत्र दोन्ही हातांत धरलं, उलटं केलं, पोटाखालची चाकं बोटाने फिरवून पाहिली.

“हा रोबोट? याले हात नाई, पाय नाई, तोंडही नाई!”

“बाबा, रोबोटला माणसासारखं दिसावं लागत नाही. तीन गोष्टी असल्या की झालं. आजूबाजूचं कळलं पाहिजे, त्यावरून काय करायचं ते ठरवता आलं पाहिजे आणि ठरलेलं करता आलं पाहिजे.”

“म्हणजे मिक्सर रोबोट नाई.”

“नाही. मिक्सर तुम्ही बटण दाबलं की फिरतो. आत चटणी आहे की चमचा पडलाय, त्याला घेणं नाही.”

“तुया मायचा चमचा गेलता एकदा,” बाबा हसले. “हौ, समजलं.”

यंत्र सुरू केलं. ते घरघरत निघालं, भिंतीला हलकेच टेकलं, मागे सरलं, वळलं. पुढच्या पट्टीमागे दाबलं जाणारं बटण असतं, टक्कर झाली की ते मेंदूला कळवतं. मेंदू म्हणजे आतला एक लहानसा संगणक. माणसांनी आधी लिहून ठेवलेल्या सूचनांप्रमाणे तो चाकांच्या मोटरींना सांगतो : थांब, मागे जा, वळ. व्हरांड्याच्या पायरीशी ते पोहोचलं तेव्हा बाबा धावलेच, पडणार म्हणून. पण ते काठावर थबकलं आणि फिरलं. पोटाखालून ते जमिनीवर न दिसणारा प्रकाश टाकत असतं. प्रकाश परत येईनासा झाला की खाली खड्डा आहे असं समजतं. बाबा गुडघ्याला हात लावून उभे राहिले. “एवढं तर आपल्या बबनलेही समजत नोतं,” ते म्हणाले. बबन हा त्यांचा जुना साखळीवाला, जो मोजता मोजता दोनदा विहिरीत पडला होता.

पण बाबांना खरं वेड लावलं ते नकाशाने. यंत्राच्या डोक्यावर छोटी टोपी असते. तिच्यातून एक किरण गरगर फिरतो, भिंतीवर आपटून परत येतो आणि त्यावरून भिंत किती लांब ते मोजलं जातं. शिवाय आपली चाकं किती फिरली हेही यंत्र मोजत राहतं. चाक चटईवर घसरलं की हिशेब चुकतो, म्हणून ते पुन्हा भिंतींकडे पाहून स्वतःची जागा दुरुस्त करून घेतं. मी हे सांगत असताना माझ्या फोनवर आमचं घर हळूहळू उमटत होतं... बैठक, देवघर, स्वयंपाकघर, आईच्या शिवणयंत्राचे चार पाय चार ठिपक्यांसारखे. बाबा फोन डोळ्यांशी धरून पाहत राहिले. उन्हात धूळ तरंगत होती.

“चारी अंगाले जरीब टाकून राह्यलं हे,” ते म्हणाले. “न थकता.”

घरातल्या एकाच खोलीत ते जाईना. मागची, माझी खोली. तिचा सागवानी उंबरठा उंच आहे आणि यंत्राची चाकं लहान. बाबांनी ते उचलून आत ठेवलं. फोनवर सगळं घर पुसल्यासारखं गेलं आणि कोऱ्या जागेत फक्त एक चौकोन उमटू लागला.

“काहून रे? नकाशा कुठी गेला?”

मी समजावलं. ते स्वतःच्या चाकांनी गेलं नाही, उचलून नेलं. मधला रस्ता त्याने मोजलाच नाही, म्हणून आपण कुठे आलो ते त्याला कळत नाही. ही खोली त्याच्या लेखी वेगळंच घर आहे.

“म्हणजे मले डोळे बांधून दुसऱ्या गावात नेऊन सोडल्यासारखं,” बाबा म्हणाले. “मी तिथं आधी चांद्याचा दगड पायतो. मोजणी सुरू करायचा पक्का दगड. तो भेटला का सगळं गाव भेटलं.” मग म्हणाले, “दोन नकाशे अलग राह्यले न मग.”

“उंबरठ्याला दोन्हीकडून उतरती फळी लावली की स्वतःच जाईल. पुढच्या वेळी येतो तेव्हा बसवून देतो.”

“पाय बरं. कारखान्यातल्या रोबोटायले तर सारं करून देते हा!”

आम्ही दोघंही हसलो. निघण्यापूर्वी मी त्यांच्या फोनवर खोल्यांना नावं द्यायला शिकवलं. दुसऱ्या नकाशाला त्यांनी एकेक अक्षर शोधत नाव दिलं : मुन्नाची खोली.

पुढची वेळ आली नाही. होळीला नवीन असेंब्ली लाइन होती, उन्हाळ्यात मुलीची परीक्षा. फोनवर मी विचारायचो, “रोबोट चालतोय ना?” आणि ते म्हणायचे, “हौ, चालून राह्यला.” गुडघ्याचं विचारलं की विषय यंत्राकडे जायचा, आज ते चटईची झालर गिळून कसं घुसमटलं, काकूंच्या मांजराने त्यावर बसून कशी फेरी मारली. रोज दुपारी माझ्या फोनवर त्या खोलीची ओळ उमटायची. रिकामी खोली रोज कशाला झाडायची, एवढा साधा प्रश्न मला पडला नाही. मी रोबोट दुरुस्त करणारा माणूस. वेळेवर निरोप आला की सगळं ठीक आहे, असं समजायची मला सवय आहे.

तेरावं झाल्यावर काकूंनी सांगितलं. “रोज जेवण झालं का ते मशीन उचलत. दोन्ही हातानं, गुडघा दुखत असतानी. तुया खोलीत सोडत न पलंगावर बसून पायत राहत. झालं का परत उचलून बाहेर. मी म्हटलं, सुताराले बोलावते, फळी ठोकून देते. तर म्हणे, नको वो, मुन्ना येऊन राह्यला न, तो बसवते.”

वाकावं लागू नये म्हणून मी जे आणून दिलं होतं, त्याच्यासाठी ते रोज दोनदा वाकत होते... आणि मी दिलेल्या शब्दाला माझ्यापेक्षा जास्त जपत होते.

दुसऱ्या दिवशी वारासिवनीच्या रस्त्यावरच्या लाकूड कापायच्या आरामशीनवरून मी सागाची फळी आणली. पहिला उतार फार उभा झाला. यंत्र अर्ध्यावर चढलं, घसरलं, मागे गेलं. फळी काढून मी दोन्हीकडे लांब उतार केला, कडा रंध्याने गुळगुळीत केल्या. मग उंबरठ्याला खिळे मारू लागलो. काकू दारात उभ्या होत्या. “हळू ठोक,” एवढंच म्हणाल्या.

दुपार झाली होती. मी यंत्र बैठकीतून सोडलं आणि बाबांसारखाच पलंगावर जाऊन बसलो. घरघर जवळ आली. उंबरठ्याशी ते थबकलं, जरा मागे सरलं, मग कुरकुरत फळीवर चढलं आणि आत उतरलं. फोनवर बैठकीच्या मागच्या भिंतीतली काळी रेघ एका जागी पुसली गेली, त्या फटीतून प्रकाश सांडावा तशी माझी खोली पसरत गेली आणि घराला येऊन लागली. कडेला कड. मी हाक मारायला तोंड उघडलं, पण कोणाला मारायची ते कळेना.

सफाई संपली. यंत्र पलंगाखालून निघालं, माझ्या पायांना वळसा घालून उंबरठा ओलांडून गेलं. बैठकीत बाबांच्या खुर्चीच्या चारही पायांभोवती फिरल्याचा आवाज आला. ती खुर्ची मी हलवलेली नाही. मग ते आपल्या जागी पोहोचलं आणि गप्प झालं. त्याला कोणी उचलून न्यावं लागलं नाही. मी मात्र बराच वेळ तिथेच बसून राहिलो, पलंगाच्या त्या खोलगट झालेल्या काठावर.