आमची ही करील

रत्नागिरीत राहणाऱ्या माणसाने पैसे भरून कोकणात सुट्टीला जावं, याला वेडेपणा म्हणायचा की मस्ती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण आम्ही गेलो. घरापासून तासाभराच्या वाटेवर, मालगुंडच्या अलीकडे, कातळावर कुणीतरी नवीन 'हॉलिडे व्हिलेज' उभं केलंय. तिथे तीन दिवस राहून आलो. आता जो भेटतो तो विचारतो, "काय, पैसे वसूल झाले का?" म्हणून एकदाच काय ते सांगून टाकतो.

दोष माझ्या मुलीचा. ती ठाण्याला असते. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली त्या दिवशी तिने आईला फोन केला आणि विचारलं, "आई, तुला काय हवं सांग." मला वाटलं, ही साडी मागेल, फार तर पाटल्या. फोन स्पीकरवर ठेवून ही भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "मला काय नको गो. तीन दिवस कोणीतरी सकाळचा चहा आयता हातात आणून द्यावा, बस."

मी हसलो. चांगला मोठ्याने हसलो. फोनवर मुलगी मात्र हसली नाही.

इथे माझ्या एका वाक्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी शाळेत कारकून होतो. जन्मभर माणसं जोडली. मे महिन्यात मुंबईची मंडळी आमच्याकडे उतरायची, चौदा-पंधरा डोकी सहज. शिवाय वाटेवरचे, ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे. मी कुणाला उपाशी पाठवलं नाही. "बसा हो, जेवूनच जा, आमची ही करील," असं म्हणायचो आणि पाहुण्याशी गप्पा मारायला मोकळा व्हायचो. पाहुणचारात माझा हात कोणी धरणार नाही, असं लोक म्हणत. आता विचार केला तर हात सगळा हिचाच होता.

तर मुलीने ते व्हिलेज ठरवलं आणि नातीला घेऊन आली. जावयाला रजा नव्हती. तीन दिवसांचा आकडा ऐकून मी खुर्चीतून उठलोच. "अगं, एवढ्यात आपल्या पडवीला नवीन कौलं बसतील! समुद्र बघायचा तर भाट्याला जाऊ, वडापाव खाऊ, परत येऊ!"

"बाबा, पैसे भरून झालेत. परत मिळत नाहीत," मुलगी म्हणाली. मिळत नाहीत म्हटल्यावर मी बॅग भरायला घेतली.

फाटकातच मनगटावर हिरवा कागदी पट्टा चिकटवला, इस्पितळात बांधतात तसला. मॅनेजर चाळिशीचा, कोल्हापूरकडचा. अंगात बंडी, खांद्यावर पंचा आणि पायात धावायचे बूट. "काका, इथं तुम्हाला अस्सल कोकण बघायला मिळणार," तो म्हणाला. मी म्हटलं, "बरं झालं. सत्तर वर्षं शोधतोय."

तिथल्या खोल्यांना घराच्या भागांची नावं दिली होती. माजघर, ओटी, खळं. आमच्या वाट्याला आला 'गोठा डीलक्स'. माझ्या वडिलांनी जन्मभर शेण काढलं ते मी शिकून गोठ्यातून बाहेर पडावं म्हणून. आणि मी म्हातारपणी, पोरीचे पैसे खर्चून, एसी लावलेल्या गोठ्यात शिरलो. भिंतीवर गाईची घंटा टांगलेली, दाव्याला दिवा लटकवलेला. नात म्हणाली, "आजोबा, म्हैस कुठे झोपायची?" मी म्हटलं, "तू झोपणार आहेस तिथेच." ती खूश झाली. तेवढे पैसे वसूल म्हणायला हरकत नाही.

भोजनगृहाबाहेर एक फळा होता. त्यावर खडूने दिवसाचा कार्यक्रम. सकाळी सात, गाईची धार काढणे, आणि कंसात 'गाय असल्यास'. आठ, चुलीवरचा नाश्ता. दहा, विहिरीचं पाणी शेंदणे. सहा, सूर्यास्त. सूर्यालासुद्धा वेळ नेमून दिलेली.

विहीर म्हणजे चार हाताचा खड्डा, पाणी टँकरचं. पण वर रहाट बसवलेला आणि पुण्यामुंबईची माणसं रांग लावून एकेक कळशी ओढून फोटो काढत होती. ही कट्ट्यावर बसून बघत होती. "लग्न होऊन आले तेव्हा रोज वीस कळशा शेंदायचे," ती म्हणाली. "तुम्ही एक फोटो नाय काढलात."

"तेव्हा कॅमेरा कुठे होता आपल्याकडे?"

"कॅमेरा नव्हता. डोळे होते ना?"

मी समुद्राकडे बघितलं. कोकणात ही एक सोय आहे.

दुसऱ्या दिवशी ही सवयीने पहाटे पाचला उठली. मला पुसटसं कळलं, दार वाजलं तेव्हा. पण तिथे चहा आठला. मुलीने आदल्या दिवशी चौकशी केली होती, चहा खोलीत येत नाही, भोजनगृहात यंत्राचं बटण दाबायचं. तीन तास ही गोठ्याच्या पायरीवर शाल घेऊन बसून राहिली. आठ वाजता मुलीने तिला खुर्चीत बसवलं, "आई, हलायचं नाही," म्हणून दम भरला, स्वतः रांगेत उभी राहून कप आणला आणि तिच्या हातात दिला. हिने दोन्ही हातांनी कप धरला. प्यायली नाही, नुसता धरून बसली. चेहरा असा, की मला उगाच लाजल्यासारखं झालं.

आणि नेमक्या त्याच वेळी माझं लक्ष चुलीकडे गेलं. माझ्यासारखा करंटा मीच.

चुलीवर घावन चालले होते. करणारा आचारी पांढऱ्या उंच टोपीचा, कुठल्याशा कॉलेजात स्वयंपाक शिकलेला. बिडाचा तवा नीट तापायच्या आधीच गडी पीठ ओतत होता. घावन तव्याला चिकटत होते, उलथन्याने खरवडून निघत होते. ताटात पडत होता तो निव्वळ चिखल. पंचवीस-तीस माणसं ताटल्या घेऊन उभी. कुणीतरी म्हणालं, "कोकणी घावन म्हणतात ते हेच का?" आता हे ऐकून रत्नागिरीच्या माणसाने गप्प बसायचं? माझं डोकं सटकलं. मी उठलो, चुलीपाशी गेलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "अहो, याला घावन म्हणत नाहीत! सरा बाजूला. आमची ही करील, मग बघा!"

बोललो आणि मागे वळून बघितलं. मुलीने कपाळाला हात लावला होता. ही माझ्याकडे बघत होती. कप अजून भरलेलाच होता.

मॅनेजर तर उडीच मारायचा बाकी होता. "काकू, याच! अस्सल कोकण!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्याकडे चारचौघांत नवऱ्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, या शिकवणुकीत ही वाढलेली. तिने कप खाली ठेवला, पदर खोचला आणि दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून चुलीपुढे बसली. तवा तापवला, तेलाचा हात फिरवला, वाटीने पीठ भिरकावलं. जाळी पडलेला पांढराशुभ्र घावन अलगद सुटून आला. लोक "वा!" म्हणाले. मी मान डोलवली, घावन मीच केल्यासारखी.

दोन तास ती उठली नाही. एकदा खाल्लेले पुन्हा रांगेत लागत होते. पुण्याच्या एका बाईंनी तिच्याबरोबर फोटो काढला आणि जाता जाता पन्नासची नोट हातात ठेवली. "मावशी, हाताला चव आहे हो तुमच्या. इथे किती देतात तुम्हाला?" मी तोंड उघडायच्या आत हिने नोट घेतली, कनवटीला लावली आणि माझ्याकडे बघत त्या बाईंना म्हणाली, "चाळीस वर्षांत ही पहिलीच."

तिचा चहा टेबलावर तसाच होता. साय धरलेला.

दिवसभर ही माझ्याशी बोलली नाही. दुपारी मुलीने तिच्या गुडघ्याला तेल चोळलं आणि मग बाहेर येऊन मला धरलं. "बाबा, मी आईला इथे कशाला आणलं? गाई बघायला? घरी राहिली असती तर निदान स्वतःच्या तव्यावर तरी केलं असतं तिने. तिला तीन दिवस कुणी उठवू नये, एवढ्यासाठी मी पैसे भरले. आणि तिला उठवलं कुणी? तुम्ही!"

बापाला असं बोलतात का, असं म्हणणार होतो. पण पोरगी रडत होती हो.

संध्याकाळी सूर्यास्ताच्या वेळेला सगळे पश्चिमेकडे गेले, मी भोजनगृहाकडे. फळ्यावर उद्याचा कार्यक्रम लिहून झाला होता. 'सकाळी आठ, मावशींचे खास घावन.' खाली फुलं काढलेली.

मी मॅनेजरला गाठलं. "हे पुसा."

"काका, लोक विचारायला लागलेत! काकूंना एवढं उद्याच्या दिवस जमवायला सांगा. पुढच्या खेपेला तुम्हाला निम्म्या दरात खोली देतो."

निम्म्या दरात हे शब्द ऐकून माझं मन क्षणभर डळमळलं. खोटं कशाला बोलू? जित्याची खोड. पण मग ती साय धरलेली कपबशी डोळ्यांपुढे आली आणि मी एक वाक्य बोललो. ते मी जन्मात कधी बोललो नव्हतो, त्यामुळे जीभ अडखळली.

"आमची ही करणार नाही."

"मग लोकांना काय सांगू, काका?"

"सांगा, गाय असल्यास!" मी ओरडलो, आणि खिशातला रुमाल काढून फळ्यावरची ती ओळ फुलांसकट पुसून टाकली.

शेवटच्या दिवशी सकाळी सहाला जाग आली. बघतो तर ही शेजारी झोपलेली. तोंड माझ्याकडे, एक हात गालाखाली. मी दचकलो. चाळीस वर्षांत मी उठायच्या आधी ही उठलेली नाही असं झालंच नव्हतं. हिला झोपलेली मी कधी पाहिलीच नव्हती. रात्री दिवा मालवून ही शेवटी यायची आणि सकाळी मला जाग यायची ती भांड्यांच्या आवाजाने. तिच्या भुवईजवळ एक छोटा तीळ आहे. मला माहीत नव्हता. मग भलतंच मनात आलं आणि मी तिच्या नाकापुढे बोट धरलं.

"मेले नाय हो अजून," डोळे मिटूनच ती म्हणाली. "आठ वाजले? घावनांना जायचंय ना? वाचलंय मी फळ्यावर."

"नाही जायचं. मी पुसलं ते. तू झोप."

एक डोळा उघडला, माझ्याकडे जरा वेळ बघत राहिला आणि मिटला.

मी चप्पल घालून मागच्या बाजूने स्वयंपाकघरात गेलो. जवळच्या वाडीतली एक बाई चुली पेटवत होती. म्हटलं, "बाई, आठ वाजायचे आहेत ते मला माहीत आहे. पण मला आमच्या हिच्यासाठी एक कप चहा करायचाय. मीच करतो, नुसतं सांगा."

तिने मला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. "दूध त्या टोपात हाय. आलं तुमीच किसा. बोटां सांभाळा." मी आलं किसलं, बोटासकट. चहा उकळला, एकदा उतू गेला, तिने फडकं दिलं. मग तिने साखरेचा डबा पुढे सरकवला. "वैनींना साखर किती?"

मी चमचा हातात घेऊन उभा राहिलो. शाळेतल्या सगळ्या शिक्षकांच्या चहाची साखर मला तोंडपाठ होती. हेडमास्तरांना अर्धा चमचा, चित्रकलेच्या सरांना तीन. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी पाठ आहे. आणि हिची? हिचा कप मी कधी बघितला होता का? मी अंदाजाने दोन चमचे घातले.

कपबशी दोन्ही हातांत धरून अख्खं आवार ओलांडलं. वाटेत मॅनेजर "गुड मॉर्निंग काका" म्हणाला, मी मानसुद्धा हलवली नाही. अर्धा चहा बशीत सांडला, पण गोठ्यापर्यंत नेला. ही उठून बसली होती. मी कप तिच्या हातात दिला. तिने एक घोट घेतला आणि थांबली.

"काय झालं? आलं जास्त पडलं?"

"साखर सोडून सहा वर्षं झाली मला," ती म्हणाली.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "आण इकडे, टाकून देतो. दुसरा करून आणतो, बिनसाखरेचा."

तिने कप झटकन छातीशी ओढला. "खबरदार हात लावलात तर," ती म्हणाली. "आयता आहे."

आणि बशीत सांडलेलासुद्धा प्यायली.