बसलेली आणि उभी

कुमुद गेल्याची बातमी मला सहा दिवस उशिरा कळली. तोवर मी हॉस्पिटलात तिच्यावर फुगून होते. मैत्रिणीची बायपास झाली आणि हिला शहराच्या दुसऱ्या टोकाहून, बुकित पंजांगहून यायला होत नाही म्हणजे काय, असं मी मुलाला रोज ऐकवत होते, आणि तो रोज माझा पाण्याचा ग्लास भरत होता, भरलेला असला तरी. सहाव्या दिवशी त्याने ग्लास खाली ठेवला. म्हणाला, "आई, कुमुदमावशी येणार नाही आता." माझं ऑपरेशन झालं त्याच्या दुसऱ्या सकाळी ती आपल्या वेताच्या खुर्चीत बसल्या बसल्या गेली होती. आजार असा काही नव्हता. लोक नंतर बरंच काही बोलले, मला एवढंच ऐकू आलं... खुर्चीत.

आमचे दोघींचे नवरे एकाच जहाजावर इंजिनिअर. लग्नाच्या पहिल्या वर्षी आम्ही हौसेने त्यांच्याबरोबर निघालो आणि ग्रीसच्या एका बेटापाशी इंजिन बिघडलं. सुटा भाग येईपर्यंत आठवडाभर मुक्काम. बेटावर बघायला एक चर्च आणि दोन खोल्यांचं पुराणवस्तूंचं म्युझियम. मी तेव्हा बी.एस्सी. होते आणि ती पदवी ठुशीसारखी गळ्यात घालून हिंडत होते. मॅट्रिक झालेल्या कुमुदला मी फुटक्या मडक्यांबद्दल भरभरून सांगितलं, जे मला कणभरही ठाऊक नव्हतं. आतल्या खोलीत थडग्यांवरचे कोरीव दगड भिंतीला टेकवून ठेवले होते. बहुतेकांवर तेच चित्र. एक बाई खुर्चीत बसलेली, दुसरी समोर उभी, हातात हात. मी म्हटलं, हळदीकुंकू दिसतंय. तिथे किल्ल्या सांभाळणारी एक म्हातारी होती, काळ्या कपड्यांतली. तिने बसलेलीकडे बोट केलं आणि डोळे मिटून मान टाकली. मग उभीकडे, आणि स्वतःच्या गालावरून बोट खाली ओढलं. बसलेली जाते, उभी रडायला उरते. कुमुदने माझा पदर घट्ट धरला.

आणि मी काय करावं? म्हातारीच्याच लाकडी खुर्चीत जाऊन बसले, त्या दगडाखाली. कुमुदला समोर उभी केली, तिचा हात ओढून हातात घेतला आणि ह्यांना म्हटलं, काढा फोटो. कुमुद नको नको म्हणत होती. बटण दाबलं गेलं तेवढ्यात म्हातारी धावत आली, दंडाला धरून तिने मला उठवलं आणि माझ्याकडे बघून तीनदा थूथू केलं, आपल्याकडे दृष्ट काढताना करतात तसं. मी जहाजापर्यंत हसत होते. कुमुद एकदाही हसली नाही.

पुढे दोघी सिंगापूरला स्थायिक झालो. ती बुकित पंजांगला एका टोकाला, मी पासिर रिसला दुसऱ्या टोकाला. तिचा एक नियम कायम राहिला. निघताना ती मला उठवायची. हॉकर सेंटरमधलं खाण्याचं टेबल असो, देवळाची पायरी असो, मी उभी राहिल्याशिवाय ती पाऊल उचलायची नाही. मी मुद्दाम ठाण मांडून बसायचे, गुडघे दुखतात म्हणायचे. ती मुकाट थांबायची, तिची गाडी निघून गेली तरी. अडाणी कुठली, असं मी तिला तोंडावर म्हटलंय. एकदा नाही, पुष्कळदा. तो फोटो मात्र तिने जपून ठेवला होता, कपाटात, पाठ वर करून.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी तिच्याकडे गेले होते. वाचेन की नाही ही भीती मला होती, पण मी बडबड करत होते, नेहमीसारखी. तिने साबुदाण्याची खिचडी केली होती, तिला स्वतःला घास जात नव्हता. निघायची वेळ झाली. मी उठले. ती खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत गेली आणि शांतपणे बसली. मांडीवर तो फोटो होता.

"काय गं, आज नियम मोडलास?" मी म्हटलं.

"हा चुकीचा आलाय," ती फोटोकडे बघत म्हणाली. "बदलून घेऊ. तू उभी राहा. हात दे."

मी चेष्टा करायला तोंड उघडलं होतं. पण हात दिला. तिचा हात गार होता, आणि तिने तो बराच वेळ सोडला नाही... मी उभी होते, ती बसली होती. माझा जीव मला इतका प्यारा होता की मी तिला ऊठ म्हटलं नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बी.एस्सी. बाई, विश्वास नव्हता ना तुझा? मग म्हणायचं होतंस की, ऊठ.

डॉक्टर म्हणतात तिचं हृदय थकलेलं होतं, कुणाच्या लक्षात आलं नाही. असेल.

तिच्या मुलीने खुर्ची माझ्याकडे पाठवली. आमच्या हॉलमध्ये ती तीन आठवडे रिकामीच होती. परवा सकाळी पाय भरून आले म्हणून मी तीत टेकले. नात ईरा शाळेला निघाली होती, दारातून परत वळली आणि पाण्याच्या बाटलीसाठी तिने हात पुढे केला. बाटली माझ्या हातात होती. आमची बोटं लागली मात्र, मी टाके विसरून ताडकन उभी राहिले.

"आजी, why you stand up? Sit lah."

"बसते," मी म्हटलं. "तू आधी लिफ्टमध्ये शीर."

लिफ्टचं दार लागलं. खाली गेल्याचा आवाज आला. मी उभीच होते.