परत जागेवर

दोन हजार पाच-सहाच्या सुमारास इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्समध्ये आमच्या शेजारी एक नागपूरचं जोडपं राहायचं. त्यांच्याकडे गाडी नव्हती, म्हणून दर शनिवारी मी त्यांना सुपरमार्केटला न्यायचे. नवऱ्याला भाजीतलं फार कळायचं. भेंडीचं टोक मोडून बघायचा, ब्रेडच्या मागच्या रांगेत हात घालून ताजा पुडा काढायचा. बोलणं मऊ, वाक्यागणिक 'बरं का ताई'. सुरुवातीला मला तो आवडलासुद्धा.

मग त्याची दुसरी सवय दिसली. बायकोने ट्रॉलीत संत्री ठेवली, हँडक्रीम ठेवलं, की तो ते उचलून परत जागेवर ठेवून यायचा. लेबल समोर येईल असं, नीट. आवाज कधी चढला नाही. "हिला इथलं कळत नाही, बरं का ताई." लग्नाआधी माहेरचा सगळा बाजार तीच आणायची. त्या मऊ आवाजाने माझं डोकं फिरायचं.

एका शनिवारी बाहेर बर्फ होता. अंगातल्या पातळ स्वेटरवर तिने दुकानातला एक कोट घालून पाहिला. त्याने मागून येऊन तो तिच्या खांद्यांवरून उतरवला, बटणं लावली, हँगरला अडकवला.

"ही कुठे बाहेर जाते, बरं का ताई?"

पुढच्या शनिवारी मी तिला पुढच्या सीटवर बसवलं आणि मागची दारं लॉक केली.

"तुम्ही राहा. आज आम्ही दोघीच जातोय."

जाड लोकरी कोट घातलेला तो खिडकीशी वाकला. "पण ताई, काय घ्यायचं ते हिला..."

तिने काच वर केली.