खारट वीट आणि उशिराची कोकरं

असं काही लिहायला बसावं एवढं मला येत नाही, हे आधीच सांगतो आणि त्याबद्दल माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पहाटे उरणच्या बाजूला कंटेनरच्या यार्डात गाड्यांचे नंबर टिपायचे, दुपारी पशुसंवर्धनाच्या वर्गात बसायचं, संध्याकाळी घरी. वर्गात डोळे मिटतात. त्यामुळे मला जे कळलंय ते अर्धवट झोपेत ऐकलेलं असण्याची शक्यता आहे.

आमची भातशेती खाडीला लागून आहे. कापणी झाली की घाटावरचे मेंढपाळ खाली उतरतात आणि रिकाम्या खाचरांत मेंढ्या बसवतात. जमिनीला लेंडीखत मिळतं, त्यांना आम्ही भात देतो. आमच्याकडे मी लहान असल्यापासून एकच कुटुंब येतं. त्यातल्या बाईला मी मावशी म्हणतो. नवरा वारल्यापासून कळप तीच सांभाळते. तिचा मुलगा मेंढ्या चारायला नेतो आणि ती कोकरांपाशी तळावर थांबते.

यंदा काही मेंढ्या उशिरा व्यायल्या. ती कोकरं बहुतेक सगळ्या माद्या होत्या, म्हणजे पुढचा कळप त्यांच्यावरच उभा राहायचा. पण ती वाढेनात. अंग खरखरीत, कान पडलेले, आणि भूक लागली की एकमेकांची लोकर तोडून खायची. पावसाआधी घाट चढायचा होता. दर वर्षी अशी लहानगी घोड्याच्या पाठीवर झोळीत बसून जातात. यंदा खाडीच्या चिखलात कालवाच्या शिंपल्यानं घोड्याचा खूर कापला होता. तो भांडीकुंडी नेईल, कोकरं नाही.

‘मग यांचं काय करणार?’ मी विचारलं.

‘चालली तर आमची,’ मावशी म्हणाली. ‘न्हाय चालली तर घाटाखाली खाटीक हायच की हुबा.’

लोकर खाणं म्हणजे अंगात काहीतरी कमी आहे, एवढं वर्गात ऐकलेलं आठवत होतं. सरांना विचारलं. जस्त, कोबाल्ट, सेलेनियम अशी खनिजं लागतात ती चिमूटभर, पण ती नसली की कोकरू वाढत नाही आणि लांबच्या चालीचा, उन्हापावसाचा ताण त्याला सोसत नाही, असं त्यांनी सांगितलं. गायीसाठीची, जनावरांनी चाटायची खनिजांची वीट आणू नकोस, त्यात तांबं जास्त असतं, मेंढीला ते बाधतं, हेही बजावलं. मी मेंढ्यांसाठीची चाटण वीट आणली आणि तळावर कोकरांभोवती लावलेल्या जाळीत खुंटाला टांगली.

कोणी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कोकरांनी नाही, संध्याकाळी परतलेल्या त्यांच्या आयांनीही नाही. रोज कामावरून येऊन मी आधी वीट बघायचो. ती होती तशीच, चौकोनी, कोपरेसुद्धा न झिजलेली.

‘डागदर,’ मावशी म्हणाली, ‘ही तुज्या घराच्या भित्ताडाला लाव. निदान घर तरी वाढंल.’

मला हसू आलं नाही, इतका दमलो होतो. तिथेच बांधावर बसलो, आणि का कोण जाणे, विटेचा तुकडा फोडून जिभेवर ठेवला. मीठ. दुसरं काहीच कळलं नाही, फक्त मीठ. मेंढीनं चाटावं म्हणून तर त्यात मीठ घालतात. पण खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीतून, खाजणातून चालत आल्यानं माझे ओठ आधीच खारट झाले होते. या मेंढ्या दिवसभर तेच खाजणातलं गवत खातात. मिठागराच्या जुन्या बांधाशी पांढरी पापडी चाटत उभ्या राहतात. पिल्लांच्या पुढ्यातही खाजणातलाच पाला टाकलेला असतो. त्यांना मिठाची ओढ कुठून असणार? पुस्तकातल्या मेंढ्या खाडीकाठच्या नव्हत्या.

मग मीठ नसलेलं खनिज मिश्रण आणलं. आईकडे भाताचा कोंडा मागितला.

‘आनि माज्या कोंबरींनी काय खावाचा? तुजी पुस्तकां?’ ती म्हणाली. पण पातेलं भरून दिलं.

मावशी लगेच तयार झाली नाही. नवं खाणं आधी एकाला द्यायचं आणि त्याची लेंडी बघायची, ही त्यांची रीत. तिनं सगळ्यात रोडक्या कोकराला थोडं चारलं, लेंडी नीट पडलेली पाहिली, मगच बाकीच्यांना घालू दिलं. तेव्हापासून मी रोज संध्याकाळी अर्ध्या कापलेल्या कॅनमध्ये मापानं पावडर टाकून कोंडा कालवायचो. मोठ्या मेंढ्या परतायच्या आत ते संपवावं लागे. कधीकधी कोकरू माझ्या मांडीवर मान टाकून खात असे आणि मला बसल्या बसल्या डुलकी लागत असे. मावशी माझ्या अंगावर पाला फेकायची. ‘ऊठ रं, तुजं बी औषध आण आता.’

हळूहळू लोकर तोडणं थांबलं. कान उभे राहिले. निदान मला तसं वाटलं. फार बघत राहिलं की जे हवं तेच दिसू लागतं, म्हणून मी बोललो नाही.

एका सकाळी मी यार्डात असताना ते निघून गेले. परत आलो तर खाचरात लेंड्या, चुलीचे काळे दगड आणि खुंटाला लटकलेली वीट. उरलेला कोंडा आणि पावडर तेवढी त्यांनी सोबत नेली होती. घाटात वळवाचा पाऊस झाल्याचं दुसऱ्या दिवशी यार्डातले ड्रायव्हर बोलत होते. फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. आई ताट वाढताना विचारायची, ‘आला काय रं?’ मी नाही म्हणून मान हलवायचो. परीक्षा जवळ आली होती आणि मी ताण सोसण्याच्या धड्यावरच अडकून बसलो होतो.

शेवटी फोन आला तेव्हा मी यार्डाच्या फाटकात उभा होतो. मागून ट्रेलर भोंगे वाजवत होते.

‘पोचलो,’ मावशी म्हणाली. ‘मोबाइल भिजला हुता.’

‘कोकरं?’

‘पावसानं लई गारठली. पर खाटकाला एक बी दिलं न्हाय. चालत आली सगळी. ते पयलं रोडकं हुतं ना, ते श्येवटच्या वळणाला बसलं. मी उचलाया वाकली, तर उठून म्होरं पळालं.’

ट्रेलरला वाट द्यायला मी फाटकातून बाजूला झालो.

‘तुज्या पावडरीनं का आनि कशानं, ते मला इचारू नगं,’ ती म्हणाली. ‘पर कोंडा संपलाय, तुज्या आयला सांग.’