ऑरिनची अंधारखोली

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या आमच्या डलूथ गावात अंधाराला तोटा नाही. डिसेंबरात साडेचारलाच दिवस मावळतो. पण शेजारच्या ऑरिन हाल्वरसनला तो अंधार कच्चा वाटायचा. धान्याच्या गोदीवर तीस वर्षं वजनकाटे तपासून निवृत्त झालेला माणूस, त्याला सगळं नेमकं लागे. फोटो घरीच धुवायचं ठरवलं आणि त्याला लागणाऱ्या मिट्ट काळोखासाठी त्यानं तळघरातलं धुणीघर ताब्यात घेतलं. कपड्यांचं मशीन गराजमध्ये गेलं, तिथे गारठून बंद पडलं, आणि त्याची बायको व्हर्ना दर सोमवारी टोपली घेऊन माझ्याकडे कपडे धुवायला येऊ लागली.

खरा जीव अडकला होता तो फिल्मच्या एका रोलमध्ये. व्हर्नाच्या आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाचे फोटो त्यात होते, आणि म्हातारी त्यानंतर महिन्याभरातच गेली. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात फोटोही धुवून मिळत; तिथे रोल दिला असता तर चार दिवसांत फोटो हातात. पण ऑरिनच्या मते दुकानवाले फिल्मवर ओरखडे पाडतात. म्हणून रोल फ्रिजमध्ये लोण्याशेजारी पडून राहिला, चांगली दोन वर्षं.

तेवढ्या काळात खोली मात्र फार सुधारली. ऑरिन दार लावून आत तासभर बसायचा आणि उजेड झिरपेल तिथे काळी पट्टी चिकटवायचा. जानेवारीत त्याला घर तापवणाऱ्या भट्टीच्या ज्योतीचा उजेड दिसला, तर त्यानं भट्टीच विझवली. व्हर्ना कोट घालून स्वयंपाक करत होती. मी विचारलं, फोटो कधी? तर म्हणाला, आधी खोली तर होऊ दे. नमनालाच घडाभर तेल, दुसरं काय. मला त्याचा राग यायचा, आणि व्हर्ना गप्प राहते म्हणून तिचाही.

अखेर मार्चमधल्या एका शनिवारी तो रोल घेऊन खाली उतरला. आम्ही दोघी वर कॉफी घेत बसलो. तासाभरानं तो आला तो हातात ओली फिल्म घेऊन. कडेचे आकडे तेवढे उमटले होते, बाकी सगळी कोरी.

"आईचे फोटो गेले गं, व्हर्ना. माझ्या हातून गेले," असं म्हणून तो खुर्चीत बसला आणि रडू लागला. इतक्या वर्षांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. माझा राग कुठल्या कुठे गेला.

व्हर्नानं चमच्यांच्या खणातून दुकानाचं पाकीट काढलं.

"आईला पुरून आलो त्याच आठवड्यात धुवून आणले. फ्रिजमध्ये होता तो नवा, कोरा रोल; वापरलेला वाटावा म्हणून त्याचं बाहेरचं टोक मीच आत गुंडाळलं. तुझी हौस मोडवेना, आणि तुझ्यावर भरवसाही ठेववेना."

ऑरिननं डोळे पुसले. केकमागे हसणारी म्हातारी बराच वेळ पाहिली. मग फोटो खिडकीशी धरून म्हणाला, "ओरखडा नाही. पण काळा रंग जरा फिका आलाय."

पुढच्या सोमवारी व्हर्ना टोपली घेऊन आली नाही. त्यांच्या तळघरात कपड्यांचं नवं मशीन घरघरत होतं, आणि फोटो वाळवायच्या दोरीवर ऑरिनचे लोकरीचे मोजे टांगलेले होते.